आईचं नाचणं कुणाकडे ठेवायचं?

ताई, नमस्कार.

गेल्या भाद्रपदात, ऐन पितृपंधरवड्यात, माझी आई गेली. पंच्याहत्तर वर्षांची होती. आईला नाचाचं वेड होतं. लहानपणी पुण्यात आठ-नऊ वर्षं कथक शिकली. 1971 साली लग्न होऊन नाशिकला आली आणि आजोबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, 'आमच्याकडे हे चालत नाही' असं सांगून टाकलं. पण नाच काही सुटला नाही. मंगळागौर, भोंडला, गणपतीची मिरवणूक, कुणाचं डोहाळजेवण, तिला काहीही चालायचं. पंचेचाळिसाव्या वर्षी गल्लीतल्या कथकच्या क्लासला जाऊन बसली आणि चिमुरड्या मुलींच्या रांगेत बसून प्रारंभिकची परीक्षा देऊन आली. मी तेव्हा दहावीत होते. मैत्रिणींना सांगायची, ती माझी आई नाही, मावशी आहे.

पुढे तिने चार जणींना धरून मंगळागौरीच्या खेळांचा ग्रुप काढला. बाबा गेल्यावर आत्या म्हणाली, आता हे पुरे. आईने दोन श्रावण घरात बसून काढले. तिसऱ्या श्रावणात ग्रुपमधल्या बायका आल्या आणि तिला रिक्षात घालून घेऊन गेल्या. शेवटी शेवटी तिला विस्मरण झालं होतं. माझं नावही आठवायचं नाही, पण पलंगावर पडल्या पडल्या बोटं मात्र सारखी चालू असायची.

आता ग्रुपच्या बायका म्हणतात, या श्रावणात एका मंगळवारी तुमच्याकडे येतो आणि तिच्यासाठी खेळतो. भाऊ आणि आत्या म्हणतात, वर्षाच्या आत घरात नाचगाणं शोभत नाही, त्यातून मंगळागौर सवाष्णींची. कपाटात आईची घुंगरं सापडली आणि एक जुनी वही. वहीत 'ता थेई थेई तत्' असलं काहीतरी पानंच्या पानं लिहिलंय, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. भाऊ म्हणतो घुंगरं फ्रेम करून हॉलमध्ये लावू. माझी सतरा वर्षांची मुलगी हिपहॉप शिकते, ती म्हणते मला दे.

आणखी एक. माझ्या लग्नात वरातीचा बँड सुरू झाला तशी आई नाचायला पुढे आली. मी तिच्या कानात म्हटलं, 'आज नको गं, सासरची माणसं बघतायत.' ती मागे झाली. ते डोक्यातून जात नाही. सारखं वाटतं, तिची कला आम्ही सगळ्यांनी मिळून मारली. काय करू?

— एक वाचक, नाशिक

*

तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मला मुळीच पटलेलं नाही, तेव्हा आधी त्याच्याशीच भांडते. 'तिची कला आम्ही सगळ्यांनी मिळून मारली.' अहो, तुमच्याच पत्रातल्या बाकीच्या ओळी याला साक्ष द्यायला तयार नाहीत. सासऱ्यांनी नाही म्हटल्यावर ही बाई मंगळागौरीत नाचली, भोंडल्यात नाचली, मिरवणुकीत नाचली, पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा शिकायला गेली, स्वतःचा ग्रुप काढला, वैधव्यानंतरही पुन्हा उभी राहिली. मेलेली कला इतकी हिंडत नाही.

गेलं काय, तर मंचावरचं कथक गेलं. ते गेलं हे खरं आहे आणि त्याची हळहळ तुम्हाला वाटायलाच हवी. आईचं शिक्षण झालं तो साठच्या दशकातला काळ जरा डोळ्यांपुढे आणा. तोपर्यंत सुशिक्षित घरांतल्या पोरींना कथक शिकवायला काढण्याची हिंमत पुण्यात आली होती, आणि ती आपोआप आलेली नव्हती. मेनका या नावाने नाचणाऱ्या लीला सोखे यांनी 1936 साली आपला ताफा थेट बर्लिनला नेला आणि पुढे खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. रोहिणी भाटे यांनी 1947 साली पुण्यात 'नृत्यभारती' सुरू केली आणि आयुष्यभर मुली घडवल्या. अशा बायकांनी लोकांचं बोलणं खाऊन जी वाट काढली, त्या वाटेवरून तुमच्या आईच्या पिढीच्या मुली चालत क्लासला गेल्या. पण बहुतेक घरांत त्या वाटेला लग्नाच्या मांडवाशी फाटक होतं. मुलगी नाचते हे माहेरी कौतुकाचं, सून नाचते हे सासरी अडचणीचं. तुमचे आजोबा काही जगावेगळे वाईट नव्हते, त्या काळच्या चार घरांत जे बोललं जायचं तेच बोलले. नुकसान मात्र त्यांनी केलंच. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल खऱ्या असू शकतात.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पंचेचाळिसाव्या वर्षाचं. आठ-नऊ वर्षं शिकलेली बाई. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा चढत जातात. तिला वरच्या एखाद्या पायरीवरून सुरुवात करू द्या म्हणून बाईंशी हुज्जत घालता आली असती. ती प्रारंभिकला बसली. गुडघ्याएवढ्या पोरींच्या रांगेत. यात रुसवा नाही, 'माझं आयुष्य वाया गेलं' हा सूर नाही, नुसती भूक आहे. तुम्ही तिला शोकांतिकेची नायिका करायला निघालात, तर ही पंचेचाळिशीतली बाई त्या गोष्टीत मावणार नाही. तिची आठवण काढायची तर तिला मिळालं नाही त्याच्या यादीपेक्षा ती प्रत्यक्षात काय आणि कशी नाचली, ते गोळा करा. आणि लवकर करा. घाई का, ते सांगते.

गाणाऱ्याचा आवाज टेपवर राहतो, लिहिणाऱ्याचे कागद राहतात. नाचणाऱ्याचं तसं नसतं. फोटोत तुमच्या आईचा एक हात वर दिसेल, पण तो वर कसा गेला आणि खाली कसा आला हे फोटोला माहीत नाही. ते माहीत आहे तिच्याबरोबर नाचलेल्या बायकांना, आणि त्यांनाही ते डोक्यात कमी आणि अंगात जास्त माहीत आहे. साधी फुगडी घ्या. उजव्या हातात उजवा, डाव्यात डावा, पाय जुळवलेले, अंग मागे टाकलेलं. समोरचीच्या भरवशावर मागे पडायचं असतं. तुमची आई किती मागे टाकायची, पकड मनगटाशी की बोटांत, वेग कधी वाढवायची, चक्कर यायच्या आधी थांबायची की आल्यावर, हे तिच्याशी फुगडी घातलेल्या बाईला विचारा. ती तोंडाने नीट सांगू शकणार नाही. उभी राहील आणि म्हणेल, 'ये, दाखवते.' आणि ती बाईही आता सत्तरीला आलेली असणार.

म्हणून तुमच्या आत्या आणि भावापेक्षा ग्रुपच्या बायकांचं मागणं मी वजनदार मानते. त्या नुसत्या श्रद्धांजली वाहायला येत नाहीयेत. तुमच्या आईच्या नाचण्यातलं जे अजून या जगात शिल्लक आहे ते घेऊन येतायत, आणि ते कुणाकडे ठेवायचं असं तुम्हाला विचारतायत. तुम्हाला हा प्रश्न तसा ऐकू आला नसेल, पण तो तोच आहे.

शेवटच्या दिवसांतल्या बोटांचंही तेच. नावगाव, तारखा, माणसं लक्षात ठेवणं हे मेंदूचं एक काम, आणि हातापायांनी वर्षानुवर्षं घोटलेलं लक्षात ठेवणं हे वेगळं काम. विस्मरणाच्या आजारात पहिलं आधी जातं, दुसरं बऱ्याच जणांच्या बाबतीत खूप उशिरापर्यंत टिकतं. तुम्हाला तो आजारपणातला चाळा वाटला असेल. जरा आठवून बघा, हाताची थाप, मग करंगळी, मग अनामिका, मग मधलं बोट, असा काही क्रम होता का? कथक शिकणाऱ्या मुलींना तालाच्या मात्रा मोजायला पहिल्या महिन्यात हेच शिकवतात. टाळीची एक मात्रा, बोटांच्या तीन, झाला चार मात्रांचा एक विभाग. असा क्रम असेल तर तुमचं नाव हरवलेल्या आईला तीनताल सापडत होता. तुम्हाला याचं वाईट वाटेल की बरं, ते मला इथून सांगता येत नाही. मला तरी ऐकून बरं वाटलं.

आता श्रावणातला मंगळवार. इथे मी आत्याच्या बाजूने अर्धी आहे. वर्षाच्या आत सणवार करायचे नाहीत ही रीत तुमच्या घरात पाळली जात असेल तर ती मोडण्यात मला काही पराक्रम दिसत नाही. (याच घरांत मुलाचं लग्न ठरलेलं असेल तर 'वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल' म्हणून अक्षता टाकायला सगळे तयार असतात, ही गंमत मात्र भावाच्या कानावर घालायला हरकत नाही.) भाऊही आईलाच गमावून बसलाय. त्याला दुःख धरायला काहीतरी आधार लागतो, आणि काहींना तो नियमांत मिळतो. त्याच्यासाठी दोन-अडीच महिने थांबण्याने आईच्या नाचाचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते आत्याच्या दुसऱ्या मुद्द्याने. 'मंगळागौर सवाष्णींची.' पूजा नवविवाहितांची, हे खरं. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी ती पूजा करायची आणि रात्र जागवायची. पण जागवायला जे खेळ खेळायचे, झिम्मा, पिंगा, आगोटापागोटा, लाट्या, गाठोडं, सूप नाचवणं, ते पूजेच्या मालकीचे कधीच नव्हते. फुगडी तर मुळीच नाही. आषाढात वारीच्या वाटेवर जाऊन बघा, रिंगण संपल्यावर वारकरी फुगड्या घालतात, बाप्ये घालतात, पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्या घालतात, आणि कुणी कुणाच्या कपाळाकडे बघत नाही. तुकोबांच्या गाथेत फुगडीवरचे अभंग आहेत. आत्याबाई वारकरी घरातल्या असतील तर त्यांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

आणि ज्या रिवाजाच्या जोरावर त्यांनी तुमच्या आईला दोन श्रावण घरात बसवलं, तो रिवाज गावांनीच सोडायला घेतलाय. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बाबतीतल्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. परिपत्रकाने आत्या बदलत नाहीत, मला ठाऊक आहे. पण तुम्ही हा वाद घरात घालत असताना एकट्या नाही, एवढं कळायला ते पुरेसं आहे. बाय द वे, त्या रिक्षातल्या बायकांचा ठराव याच्या कितीतरी वर्षं आधीचा. त्यांनी कागदही केला नाही.

तर माझं म्हणणं असं. पितृपंधरवड्यात आईचं वर्षश्राद्ध येतंच आहे. ते भावाच्या मनाप्रमाणे, यथासांग होऊ द्या. त्या दिवशी कुणी ग्रुपचं, खेळांचं नाव काढू नका. तो दिवस त्याचा. पंधरवडा संपला की घटस्थापना, नवरात्र, भोंडल्याचे दिवस, आणि मग कोजागिरी. खेळ कोजागिरीला ठेवा. ती रात्र जागवायचीच असते, तिच्यात कुणाच्या सौभाग्याचा प्रश्न येत नाही, वर्ष होऊन गेलेलं असेल, गच्ची असेल तर गच्चीवर जागाही भरपूर मिळेल. पाटावर हत्ती काढून आधी भोंडल्याचा फेर धरा म्हणजे सोसायटीतल्या लहान मुलीही येतील. खिरापत झाकून ठेवा आणि ओळखायला लावा. आईला जो पदार्थ आवडायचा तोच करा, त्यात बायका नक्की फसतील किंवा पहिल्या फटक्यात ओळखतील, दोन्हीत मजा आहे.

श्रावणातला मंगळवार मात्र फुकट घालवू नका. ग्रुपमधल्या दोघी-तिघींना नुसतं चहाला बोलावा, किंवा तुम्ही त्यांच्याकडे जा. विचारा. तिच्या आवडीचे खेळ कोणते, कोणता ती दुसऱ्यांवर ढकलायची, पायाने चुकली तर काय करायची, गाणी सांगायचं काम कुणाचं होतं, पकवा, म्हणजे फुगडी घालताना तोंडाने धरायचा ठेका, कोण चांगला घालायची. फोनवर आवाज टेप करून ठेवा. कोजागिरीला कुणी मोबाइलवर शूटिंग करणार असेल तर त्याला दोनच सूचना द्या: मोबाइल आडवा धर, आणि पाय दिसू देत. घरगुती शूटिंग करणारे सगळे चेहऱ्याच्या मागे असतात. नाचात चेहरा नंतर येतो.

जुनं जे आहे तेही आत्ताच गोळा करा. ग्रुपच्या प्रत्येकीच्या फोनमध्ये काही ना काही असेल. ते व्हॉट्सॲपवर नुसतं पाठवून घेऊ नका, त्यात चित्र दाबलं जाऊन खराब होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा भाच्याला पेनड्राइव्ह घेऊन घरोघर फिरवा. घरात कुणाच्या लग्ना-मुंजीच्या व्हिडिओ कॅसेट असतील तर त्या आधी. त्या फितीवरचा थर वर्षागणिक खराब होत जातो आणि त्या चालवायची यंत्रंही आता दुर्मीळ झालीत. जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांपैकी काही जण अजून हे काम करून देतात. नव्वदच्या दशकातल्या मुंजीच्या कॅसेटमध्ये मागच्या बाजूला, पंगतीच्या आणि बँडच्या मधे कुठेतरी, तुमची पन्नाशीच्या आतली आई असण्याची शक्यता दाट आहे. असल्या बायका कॅमेरा शोधत नाहीत, पण कॅमेऱ्यात सापडतात.

आता वही. ती तुम्हाला कळत नाही कारण ती वाचायची नाहीच, म्हणायची आहे. ते नाचाचे बोल आहेत. पायांनी जे वाजवायचं तेच आधी तोंडाने म्हणायचं, हाताने टाळी देत, याला कथकमध्ये पढंत म्हणतात. तुम्ही जे लिहिलंत, 'ता थेई थेई तत्', त्याच्या पुढे 'आ थेई थेई तत्' जोडलं की झाला तत्कार. कथकची प्रत्येक मुलगी इथून सुरुवात करते. हेच दोनदा म्हटलं की सोळा मात्रा होतात, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन. पहिल्या 'ता'ला उजवा पाय, मग डावा, उजवा, डावा. 'आ'पासून उलटं, डावा आधी. उभ्या राहून करून बघा, दारं-खिडक्या लावून केलं तरी चालेल. टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला. नवव्या मात्रेला टाळी नाही, हात नुसता बाजूला करायचा, ती खाली. वहीत उभ्या रेघा असतील त्या या चार चार मात्रांच्या विभागांच्या. जिथे एकच तुकडा लागोपाठ तीनदा लिहिलेला दिसेल ती बहुतेक तिहाई असणार: तिसऱ्यांदा म्हणताना शेवटचा बोल बरोबर पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, येऊन पडतो. तो पडला की अंगावर काटा येतो, हे मी न शिकलेल्या माणसांच्या बाबतीतही पाहिलंय.

वहीचे आधी पान न् पान फोटो काढून ठेवा, जुनी शाई उडते आणि पेन्सिल घासून पुसट होते. मग ती घेऊन जवळच्या कुठल्याही कथक शिकवणाऱ्या बाईंकडे जा. आई पंचेचाळिशीत ज्या क्लासला गेली तो अजून असेल तर तिथेच. म्हणावं, हे मला वाचून दाखवा. त्या नुसत्या वाचणार नाहीत, म्हणून दाखवतील, आणि चांगल्या शिक्षिका असतील तर एखादा तुकडा उभं राहून करूनही दाखवतील. साठ वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका मुलीने ऐकून ऐकून उतरवून घेतलेलं तुमच्यासमोर पायांत येईल. समासात काही खुणा, रागावलेल्या नोंदी, हिशेब, कुणाचे पत्ते असले तर तेही जपा. शिकणाऱ्या मुलींच्या वह्यांत निम्मं आयुष्य समासात असतं.

घुंगरं. भावाला सांगा, फ्रेम नको. काचेमागे घुंगरू म्हणजे मुकं पितळ, आणि पाहुणे येतील ते 'अरे वा, अँटिक!' म्हणून जातील. मुलीला द्या. ती हिपहॉप शिकते म्हणून बिचकू नका. आजीने मिरवणुकीतल्या ढोलावर नाचायला कमी केलं नाही, तेव्हा तिने नातीच्या नाचाला नाक मुरडलं असतं असं मला वाटत नाही. घरात सध्या नाचणारे पाय तिचेच आहेत, एवढा एकच निकष पुरे. तिने पुढे कथक शिकावं वगैरे अटी घालू नका. एकच अट घाला: बूट घालून ती पायांत बांधायची नाहीत. बांधायच्या आधी हात लावून नमस्कार करायची पद्धत आहे, तीही सांगा. पाळेल.

पण द्यायच्या आधी एक काम करा. कथकची घुंगरं सुती दोरीत एकेक गाठ मारून ओवलेली असतात, आणि इतक्या वर्षांत ती दोरी आतून कुजली असणार. नाचताना तुटली तर घुंगरं फरशीवर विखुरतात आणि अनवाणी पायाखाली येतात. तबला-हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या दुकानांत विचारा, तिथे नवी दोरी ओवून मिळते किंवा कोण करतं ते कळतं. आणि तोवर कृपा करून चिंचेने किंवा पितांबरीने घासायला घेऊ नका. दोरी भिजली की संपलंच. किती आहेत ते मोजून द्या आणि मोजून घ्या.

आता वरात. यावर मी तुमची पाठ थोपटणार नाही. तुम्ही तिला थांबवलंत ते चुकलंच. दहावीतल्या मुलीने आईला मावशी म्हणणं वेगळं, त्या वयात सगळ्यांनाच आपली आई दुसऱ्या कुणाची तरी असावीशी वाटते. वरातीच्या वेळी तुम्ही मोठ्या होतात, आणि आजोबांनी जे म्हटलं होतं तेच तुम्ही जरा गोड शब्दांत म्हटलंत. हे तुम्हाला कळलेलं आहे, म्हणून तर ते पत्राच्या शेवटी, 'आणखी एक' असं म्हणून आलंय. खरं तर पत्र त्याच्यासाठीच लिहिलंत.

पण त्याचं माप चुकवू नका. आजोबांच्या एका वाक्याने तिचं मंचावरचं कथक गेलं. तुमच्या एका वाक्याने तिची एक संध्याकाळ गेली. तुमच्या लग्नानंतर ती नाचायची थांबली का? नाही, तिचा ग्रुप चालूच होता, हे तुम्हीच लिहिलंय. ती तुमच्यावर रुसून बसली असती तर तुम्ही तेही लिहिलं असतं. तिने मनातून माफ केलं की नाही, हे मी सांगणं म्हणजे तिच्या तोंडी माझे शब्द घालणं. ते मी करणार नाही आणि दुसऱ्या कुणी केलं तर तुम्हीही ऐकू नका. एक मात्र करता येईल. ग्रुपमधल्या बायकांना ही गोष्ट सांगा. एकेकीला गाठून नको, सगळ्या असताना. बायकांच्या ग्रुपमध्ये लेकीच्या लग्नाबद्दल बोलणं झालं नसेल असं होत नाही. तुमच्या आईने तिथे काय सांगितलं होतं, हसत सांगितलं होतं की डोळे पुसत, ते त्यांना माहीत असेल. ऐकायला जड जाईल. तरी विचारा. आणि नंतर कधीतरी मुलीलाही सांगा, कारण एक दिवस तिच्या लग्नात बँड वाजेल आणि तुमचेही पाय हलतील.

ते हलायला हवेत, म्हणून शेवटचं काम. आई जी फुगडी ज्या बाईबरोबर घालायची, तिच्याकडून ती शिका. कोजागिरीला तुम्ही बाजूला खुर्चीत बसून डोळे पुसणार असाल तर सगळ्या आयोजनाचा उपयोग नाही. शेचाळीस हे काही वय नाही, तुमच्या आईने पुन्हा सुरुवात केली त्याच वयाच्या तुम्ही आहात. पण गुडघे आधी डॉक्टरांना दाखवा, मणक्याचं दुखणं असेल तर बसफुगडीच्या वाटेला जाऊ नका. अनवाणी खेळा, गच्चीची फरशी गुळगुळीत किंवा दवाने ओली असेल तर सतरंज्या आणि पायमोजे दोन्ही टाळा. नऊवारी नेसता येत नसेल तर पंजाबी ड्रेस चालेल, पाय मोकळे हवेत एवढंच. रोज थोडं गोल फिरायची सवय करा, चक्कर पहिल्या आठवड्यात येते, मग कमी होते.

आत्याबाईंना बोलावणं फोनवर करू नका, स्वतः जा. येणार नाही म्हणतील. म्हणू द्या, तरी जागा ठेवा. त्यांनी तुमच्या आईला नाचताना किती तरी वर्षं पाहिलंय. तिच्या नव्या नवरीपणातल्या मंगळागौरी आज डोळ्यांनी पाहिलेल्या त्या एकट्याच उरल्या असतील, आणि त्यांना जे आठवतं ते ग्रुपमधल्या कुणालाच ठाऊक नाही.

भावाला दूध आटवायला बसवा. वीस-पंचवीस माणसांचं मसाला दूध म्हणजे दोन तास डाव हलवायचं काम, खाली लागू द्यायचं नाही. केशर आणि चारोळी त्याच्याच हातात ठेवा.